सोमवारचा कागद: नेदरलँड्सच्या डाल्टन शाळेत आठवडा कसा चालतो

डाल्टन ही मुलाला आपल्या कामाचं नियोजन आपणच करायला शिकवणारी शिक्षणपद्धती. अशा शाळेत सोमवारी सकाळी मुलाच्या हातात एक कागद पडतो. डच भाषेत त्याला 'वेकटाक' म्हणतात, म्हणजे आठवड्याचं काम. गणित, वाचन, शुद्धलेखन, आणि एकदोन कामं मुलाच्या स्वतःच्या निवडीची. प्रत्येक वाराला एक रंग ठरलेला. कुठलं काम कुठल्या दिवशी करायचं हे मूल ठरवतं आणि त्या रंगाचा ठिपका देतं. काम पूर्ण झालं की ज्या दिवशी ते खरोखर झालं, त्या दिवसाच्या रंगाने चौकोन भरतं. आठवडाअखेर ठिपका आणि चौकोन शेजारी शेजारी ठेवले की कुठलं काम सारखं पुढे ढकललं गेलं, हे शिक्षकाला न विचारता कळतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'विद्यार्थीकेंद्री शिक्षण' हा शब्द आपल्याकडे फार ऐकू येतो. वर्गात त्याचा अर्थ काय, हे या कागदाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं. पण त्यामागचं धोरण आधी समजून घ्यायला हवं.

१९१७ साली इथे नेदरलँड्सच्या राज्यघटनेत बदल झाला आणि सरकारी शाळांइतकाच पैसा खासगी संस्थांच्या शाळांनाही मिळू लागला. आज जवळपास दोन तृतीयांश मुलं अशा शाळांत जातात. त्यामुळे मॉन्टेसरी, डाल्टन किंवा येनाप्लान (वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकाच गटात शिकवणारी) शाळा ही श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. पालकांकडून मागितली जाणारी वर्गणी ऐच्छिक असते, आणि ती दिली नाही म्हणून मुलाला सहलीतून किंवा कार्यक्रमातून वगळायला ऑगस्ट २०२१ पासून कायद्याने बंदी आहे. कसं शिकवायचं हे शाळा ठरवते. काय यायला हवं हे मात्र सरकार ठरवतं: प्राथमिकच्या आठ वर्षांत किमान ७,५२० तास शिकवणं बंधनकारक आहे, ठरलेली उद्दिष्टं गाठायची असतात आणि तपासायला शिक्षण निरीक्षक येतात. आपल्याकडच्या चर्चेत यातला स्वातंत्र्याचा भाग उचलला जातो आणि तपासणीचा गळून पडतो, ही मला मोठी चूक वाटते.

आता वर्गाकडे. ही पद्धत अमेरिकेतल्या हेलन पार्कहर्स्ट यांची. मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावावरून तिला नाव मिळालं. पूर्ण आठवड्याचं नियोजन कुणी चार वर्षांच्या मुलावर टाकत नाही. लहान मुलांच्या वर्गात भिंतीवर चित्रांचा फलक असतो आणि मूल आपल्या नावाची पट्टी हव्या त्या कामाखाली लावतं. वाचायला शिकल्यावर एका दिवसाचं काम, मग दोन दिवसांचं, आणि त्यानंतर हळूहळू पूर्ण आठवड्याचं. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं डळमळतं.

बाकावर एक लाकडी ठोकळा असतो. लाल बाजू वर असली तर 'मला आत्ता कुणी बोलू नका', हिरवी असली तर 'मी मदत करू शकतो', प्रश्नचिन्ह असलं तर 'माझं अडलंय'. शिक्षक चार-पाच मुलांना जवळ घेऊन नवीन भाग शिकवत असताना बाकीच्यांपैकी कुणाचं अडलं तर त्याने थांबायचं, किंवा आधी शेजाऱ्याला विचारायचं. शिक्षक ठरावीक वेळाने फेरी मारतो. ती फेरी चुकली की ठोकळ्यावरचा विश्वास उडतो आणि दोन दिवसांत मुलं पुन्हा हात वर करून बसतात.

गोष्टी बिघडतात त्या अशा. सगळ्यांना एकसारखा कागद दिला तर तो नुसता गृहपाठ होतो. कच्च्या मुलाला कमी पण नेमकी कामं हवीत. हुशार मुलाला त्याच प्रकारची आणखी वीस गणितं दिली तर लवकर संपवणं ही शिक्षाच ठरते. अवघड काम शुक्रवारवर ढकललं जातं, म्हणून बुधवारी कागद एकदा बघायलाच हवा. उत्तरं मुलंच तपासतात, तेव्हा काही जण नुसती उतरवून काढतात. त्यासाठी तपासायला वेगळ्या रंगाचं पेन द्यायचं, रोज काही वह्या शिक्षकाने स्वतः पाहायच्या आणि एक चूक मुलाकडून तोंडी समजावून घ्यायची. सगळ्यात घातक समज म्हणजे मूल नवीन संकल्पना आपली आपण शोधून काढेल. अपूर्णांकांची बेरीज आधी नीट शिकवावीच लागते, स्वातंत्र्य येतं ते सरावाच्या वेळी. घरी मदत करणारं कुणी नसलेल्या मुलाचं इथे सर्वाधिक नुकसान होतं.

देश म्हणून नेदरलँड्सचं सगळं उत्तम चाललंय असंही नाही. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली वाचनात ४५९ गुण मिळाले, २००३ मध्ये ५१३ होते. याचं खापर डाल्टन शाळांवर फोडता येत नाही, त्या संख्येने थोड्याच आहेत. पण मुलाला मोकळीक दिली की वाचन आपोआप येईल, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आणि बाराव्या वर्षी सगळ्यांसाठी एकच वळण येतं. आठव्या गटात, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी, जानेवारीत शाळा पुढच्या माध्यमिक शिक्षणाबद्दल तात्पुरता सल्ला देते, फेब्रुवारीत चाचणी होते, २४ मार्चपर्यंत अंतिम सल्ला मिळतो. चार वर्षांचं व्होकेशनल, उच्च व्यावसायिक शिक्षणाकडे नेणारं पाच वर्षांचं हावो की सहा वर्षांचं, विद्यापीठाकडे नेणारं फेवेओ, हे त्यावर ठरतं. चाचणीत अपेक्षेपेक्षा वरचा निकाल आला तर शाळेने सल्ला वाढवायचा असतो, न वाढवल्यास कारण द्यावं लागतं. खालचा आला तर सल्ला कमी होत नाही. हा नियम नव्याने आलेल्या कुटुंबांना ठाऊक नसतो, आणि डच अजून कच्चं असलेल्या मुलाच्या बाबतीत तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो.

इकडे येऊन शाळा बघायला जाणार असाल तर भेट गुरुवारी मागा. माहितीपुस्तिका नंतर वाचता येईल. एकाच वर्गातल्या दोन मुलांचे अर्धे भरलेले कागद दाखवायला सांगा, त्यांतली कामं वेगळी आहेत का ते पाहा आणि बुधवारी ते कुणी तपासले, हे विचारा.