बॅटरी कोण खायलंय? नव्या लॅपटॉपची नोंदवही, परभणीहून

आधी आकडे देतो. लॅपटॉप नवा, १५.६ इंची, १४४ हर्ट्झचा पडदा, वेगळं ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. बॅटरीवर छापलेली क्षमता ५२ वॉट-तास. खोक्यावर ‘१० तासांपर्यंत’. हातात पडतात जेमतेम तीन तास, तेही नुसतं लिहिणं-वाचणं असताना. रात्री झाकण लावून ठेवला की सकाळी पाव बॅटरी गायब. पूर्ण बंद करून ठेवला तरी दोन-तीन दिवसांनी काटा थोडा खाली आलेलाच.

खोक्यावरच्या दहा तासांवर मी चिडलो नाही. असला आकडा बहुतेक वेळा मंद उजेडात एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालवून काढतात, आणि व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, तो फार कमी खातो. ५२ भागिले १० म्हणजे सरासरी ५.२ वॉट. मे महिन्यात परभणीत खिडकीशेजारी बसून पडद्याचा उजेड पुरा ठेवणाऱ्या माणसाला ते मिळायचं नाही. पण तीन तास म्हणजे १७ वॉट. उघडी फाइल आणि चार टॅब, एवढ्याला १७ वॉट? हे काही पटेना.

म्हणून ही सगळी वही वॉटमध्ये ठेवली आहे, टक्क्यांत नाही. टक्के हा बॅटरीतल्या गेज चिपचा (किती भरलंय ते मोजणाऱ्या चिपचा) अंदाज असतो, आणि ‘इतके तास उरले’ हा त्या अंदाजावरचा आणखी एक अंदाज. एक मोठं पान उघडलं की त्यातले दोन तास एकदम गळतात. वॉट मात्र या क्षणाला किती चाललंय ते सांगतो. शिवाय वापरात, झोपेत आणि बंद असताना होणारी गळती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींचे गुन्हेगार वेगळे निघाले. सगळं एकाच वेळी दुरुस्त करायला बसलं की काय लागू पडलं तेच कळत नाही.

बॅटरीच खराब नाही ना?

दुकानात फोन केला. उत्तर ठरलेलं: “सर, नवी बॅटरी हाय. तीनदा पूर्ण उतरवा, तीनदा पूर्ण भरा, मग सेट व्हती.” हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तिला अशी सवय लावावी लागत नाही. उलट तळापर्यंत उतरवणं तिला मानवत नाही. एकदा भरून-उतरवून एवढंच होतं की गेज चिपला वरचं आणि खालचं टोक नीट कळतं. काटा सुधारतो, बॅटरी नाही.

खरं उत्तर विंडोज स्वतःच देतं. ॲडमिन म्हणून टर्मिनल उघडायचं आणि ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही कमांड (इंग्रजी अक्षरांत) द्यायची. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे बघा. माझ्याकडे ५२,००० आणि ५१,३०० मिलीवॉट-तास. म्हणजे बॅटरी ठणठणीत, बाहेर कुणीतरी खातंय. ज्यांच्या कोऱ्या मशीनवर या दोन आकड्यांत मोठी दरी दिसेल त्यांनी पुढचं वाचत बसू नये. बिल घ्यावं आणि दुकान गाठावं.

पहिला आठवडा मी मोजमाप मुद्दामच केलं नाही. नव्या मशीनवर अपडेट उतरत असतात, सर्चचं इंडेक्सिंग चालू असतं, अँटीव्हायरस सगळी डिस्क चाळतो, फोटो क्लाउडवर चढतात. ते ओसरल्यावर जे उरतं ते खरं दुखणं.

वापरात: १७ वॉट शोधताना

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मजाही इथेच आली.

मोजायला सेन्सर दाखवणारी सॉफ्टवेअरं आहेतच. एचडब्ल्यूइन्फो बॅटरीतून किती वॉट निघतात ते थेट दाखवतं. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर एक गोम आहे. असं सॉफ्टवेअर दर सेकंदाला कार्डाला त्याचं तापमान विचारतं, आणि उत्तर द्यायला कार्डाला जागं व्हावं लागतं. मोजणाराच खायला बसतो. म्हणून मी यूएसबी-सी केबलच्या मधोमध लावायचा छोटा मीटर घेतला (घेताना २० व्होल्ट, ५ अँपिअर पेलणाराच घ्या, मोबाइलपुरते स्वस्त मीटर इथे चालत नाहीत). बॅटरी पूर्ण भरून चार्जिंग थांबलं की मीटरवर दिसतो तो फक्त लॅपटॉपचा खर्च. चार्जरवर असताना विंडोज सैल सोडून वागतं, म्हणून पॉवर मोड दोन्हीकडे ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ करून ठेवला. वीज आत बदलताना होणारं नुकसान धरून मीटर बॅटरीच्या आकड्यापेक्षा वॉटभर जास्त दाखवतो, तेवढं मनात वजा करायचं.

सुरुवातीला मीटरवर १८. उजेड शंभरवरून पन्नासवर आणला, अडीच वॉट उतरले. रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा) १४४ वरून ६० केला, आणखी दीड. कीबोर्डखालचा दिवा बंद केला, अर्ध्याहून थोडं जास्त. वायरलेस माउसचा इवलासा रिसीव्हर काढला, अर्धा वॉट तिथेही मिळाला. तो यूएसबीच्या कंट्रोलरला झोपू देत नाही. घरच्या वाय-फायऐवजी फोनचा हॉटस्पॉट लावून बघितला, मोजण्याइतका फरक नाही आला.

भाचा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, “मामा, उगी तारा-मीटर काय लावायलाव, डार्क मोड लावा की!” लावला. मीटर ढिम्म. साध्या एलसीडीत मागचा दिवा काळ्या रंगामागेही तेवढाच जळतो. ओलेड पडदा असता तर पोराचं खरं झालं असतं, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका.

एवढं करूनही १३ च्या आसपास. टास्क मॅनेजरमध्ये वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा वापर शून्य टक्के. इथे बरेच जण सोडून देतात, कारण शून्य दिसतंय. पण शून्य टक्के काम आणि शून्य वॉट या वेगळ्या गोष्टी. काम नसलेलं पण जागं कार्ड सहज पाच-सहा वॉट ओढतं. मग घड्याळाशेजारच्या पट्टीतले प्रोग्रॅम एकेक करून बंद करत मीटरकडे बघत बसलो. गेमचा लाँचर, चॅट, क्लाउड, कशानेच काही होईना. लॅपटॉपबरोबर आधीच भरून आलेला पंखा-आणि-दिव्यांचा कंट्रोल प्रोग्रॅम बंद केला. दहाएक सेकंद काही नाही, आणि मग मीटर धाडकन ७.५ वर. पुन्हा उघडला, पुन्हा १३. त्याच्या पहिल्याच पानावर ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाचा सुंदर गोल काटा होता. तोच दर सेकंदाला कार्डाला हलवून जागं करत होता.

प्रोग्रॅम काढून टाकला नाही, कारण ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय त्यातच आहे. स्टार्टअपमधून मात्र काढला. सेटिंग एकदा लावलं की ते मशीनमध्ये राहतं, प्रोग्रॅम चालू असावा लागत नाही. शिवाय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स या पानावर जाऊन ब्राउझरला ‘पॉवर सेव्हिंग’ नेमून दिलं, म्हणजे तो मोठ्या कार्डाकडे जाणारच नाही.

झोपेत

‘पॉवरसीएफजी /ए’ दिलं की मशीनला कुठली झोप येते ते कळतं. जुन्या लॅपटॉपमध्ये एस३ असायची, त्यात फक्त रॅमला वीज मिळायची, बाकी सगळं मेलेलं. नव्या बहुतेक मशीनमध्ये एस० लो पॉवर आयडल असते. ही खळ्यावर राखणीला झोपलेल्या गड्याची झोप: डोळे मिटलेले, कान उघडे. मेल येतो, सिंक होतं, झाकण उघडलं की पडदा लगेच हजर.

रात्रीच्या आठ तासांत २४ टक्के जात होते. ५१ चे २४ टक्के म्हणजे १२ वॉट-तास, म्हणजे तासाला दीड. या झोपेत अर्ध्या वॉटच्या आत राहायला हवं. ‘पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी’चा अहवाल काढला. त्यात झोपेचं प्रत्येक सत्र वेगळं दिसतं, आणि त्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त वेळ कोण जागं होतं त्यांची यादी. आमच्याकडे पहिला नंबर वाय-फायचा, रात्रभर जोडलेलंच.

बॅटरीवर झोपताना नेटवर्क तोडायचं सेटिंग बऱ्याच मशीनवर लपवलेलं असतं. कमांडने लागतं: ‘पॉवरसीएफजी /सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_नन कनेक्टिव्हिटीइनस्टँडबाय ०’, आणि पाठोपाठ ‘पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट’. रात्रीची गळती पाच टक्क्यांवर आली, म्हणजे पाव वॉटच्या थोडं वर.

बॅगेत टाकायचा असेल तर मात्र या झोपेवर विश्वास ठेवू नका. मधेच काही जागं झालं तर बंद बॅगेत पंख्याला हवा नसते. बॅटरीवर असताना झाकण लावलं की थेट हायबरनेट, असं ठेवलंय. रॅममधलं सगळं एसएसडीवर उतरतं आणि मशीन खरोखर बंद होतं. उठायला थोडे सेकंद जास्त लागतात, लागू देत.

बंद असताना

हे पटकन सुटलं. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘बंद असतानाही यूएसबीतून मोबाइल चार्ज’ अशा अर्थाचं सेटिंग चालू आलं होतं, ते बंद केलं. जोडीला विंडोजचं फास्ट स्टार्टअपही काढलं. ते असलं की शटडाउन म्हणजे अर्धं हायबरनेटच असतं. ठेवायचंच असेल तर शिफ्ट दाबून शटडाउन केलं की पूर्ण बंद होतं. आता चार दिवसांनीही काटा जागचा हलत नाही.

आणि आपलं ऊन

जगात जर्मनी, भारतात परभणी! जर्मनीत बसून लिहिलेले बॅटरीचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मे महिन्यात इथला पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत बॅटरी आधीच तापलेली असते. लिथियमच्या बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं. त्यामुळे दुपारी चार्जर लावूनही ‘नॉट चार्जिंग’ दिसलं तर घाबरू नका, मशीन शहाणपणा करतंय. संध्याकाळी आपोआप सुरू होतं. कूलर थेट लॅपटॉपवर धरू नका, ती हवा ओली असते. तिरपा ठेवा.

बॅटरीला सगळ्यात जास्त म्हातारं करते ती पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता, दोन्ही एकत्र. म्हणून ८० टक्क्यांची मर्यादा. त्यावर आमच्या गटात नेहमीचा वाद: लाईट कधी जाईल सांगता येत नाही, मग वीस टक्के सोडायचे कशाला? माझं मत असं की आता सात वॉटच्या आत चालणाऱ्या मशीनला ८० टक्के म्हणजे सहा तास. एवढा वेळ लाईट गेली तर वायरमनला फोन करायचा. प्रवासाच्या आदल्या रात्री मात्र मर्यादा काढून पूर्ण भरतो.

व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून स्टॅबिलायझर घ्यायच्या भानगडीत पडू नका. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. लाईट परत येतानाचा झटका टाळायला गेल्या गेल्या प्लग काढून ठेवायचा, एवढं पुरे.

तपोवन एक्सप्रेसमध्ये

संभाजीनगरला काम होतं, तेव्हा खरी परीक्षा झाली. परभणीला बसलो तेव्हा शंभर, उजेड पन्नास, नेट फोनवरून. मानवत रोड, सेलू, परतूर, मधे रेंज जायची-यायची, मी लिहीत होतो. जालन्याला सत्तरच्या थोडं वर होती. संभाजीनगरला उतरताना साठ टक्के. तीन तासांत वीस वॉट-तास, म्हणजे पावणेसातच्या आसपास. मीटरवरच्या आकड्यातून वॉटभर वजा केला की जवळपास हाच येतो, त्यामुळे पद्धतीवर भरवसा बसला.

राहिलेलं

बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला की मीटर पुन्हा १६ वर. या मशीनमध्ये, आणि वेगळं कार्ड असलेल्या पुष्कळ मशीनमध्ये, एचडीएमआयचा पोर्ट थेट त्या कार्डालाच जोडलेला असतो, त्यामुळे कुठल्याही सेटिंगने ते झोपत नाही. यूएसबी-सीतून चित्र काढलं तर ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरून जातं असं डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड पानावर दिसतंय. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल स्टेशन रोडला कुणाकडे मिळाली नाही, मागवली आहे. आली की आकडा टाकतो. कुणी आधीच ही केबल लावून मोजलं असेल तर मॉनिटर किती हर्ट्झवर होता तेही सांगा.