लाइट लागली म्हणून सेन्सर बदलू नका

मीटरमध्ये पिवळं इंजिन, म्हणजे ‘चेक इंजिन’ लाइट, दिसलं की पहिला प्रश्न ‘खर्च किती?’ असा येतो. आधी ‘कोड काय आलाय?’ ते विचारा. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने (ईसीयू) नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक.

लाइट स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर जपून घरी येता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिस मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. अशा वेळी गाडी बाजूला घ्या. प्लग-कॉइलचं काम कन्व्हर्टरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

२०१३ नंतरच्या जवळपास सगळ्या कारमध्ये स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. साधा ब्लूटूथ स्कॅनर तिथं लागतो. कोड आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाडाच्या क्षणीचे आरपीएम, तापमान, लोड, लिहून घ्या. मगच कोड पुसा. बॅटरीची वायर काढून लाइट घालवली की पुरावाही जातो.

कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी बहुतेक वेळा तक्रार सर्किटची असते, आणि सर्किटमध्ये वायर, कनेक्टर, फ्यूज, अर्थ सगळं आलं. पी०११८ घ्या. कूलंट टेंपरेचर सेन्सरचा सिग्नल व्होल्टेज जास्त, एवढंच तो सांगतो. या सेन्सरचा रेझिस्टन्स गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी असतो: २० अंशाला साधारण २ ते ३ किलोओहम, ८० अंशाला ३०० ओहमच्या आसपास. वायर तुटली की ईसीयूला तो रेझिस्टन्स अनंत वाटतो, आणि स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतं. गगनबावड्यालासुद्धा एवढी थंडी पडत नाही!

आता इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन पिना बारीक वायरने जोडा. तापमान एकदम शंभराच्या वर उडालं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर गेला. उणे ४० वरच राहिलं तर वायरिंग तपासा, नवा सेन्सर आणून उपयोग नाही. काही गाड्यांत बिघाड झाल्यावर ईसीयू स्वतःच पर्यायी आकडा दाखवतो, तिथं मल्टीमीटरच खरा. आणि ही युक्ती फक्त दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरला. तीन वायरच्या सेन्सरवर केली तर ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होते.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर कनेक्टरच आधी बघावा. पंचगंगेचं पाणी आलेल्या रस्त्यातून गाडी गेली असेल, तर पिनांवर हिरवट गंज चढलेला सापडतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना घट्ट बसतात का बघा, रबर सील फाटलंय का तपासा. गाडी उसाच्या फडाजवळ किंवा गोठ्यात लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा. जोड द्यायचा तर सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती टेप पहिल्याच पावसात सुटते.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: हवेच्या मानानं पेट्रोल कमी. यात ऑक्सिजन सेन्सरचा बळी जातो, बिचारा खरं बोललेला असतो. एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत आयडलला फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, अधिक २० आणि अडीच हजार आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर कुठंतरी व्हॅक्यूम पाइप चिरलाय. उलट, लोड वाढेल तसा ट्रिम वाढला तर पेट्रोलचं प्रेशर किंवा घाण झालेला एअर फ्लो सेन्सर बघा. तो त्याच्याच क्लीनरने धुवा, कार्ब्युरेटर क्लीनरने नाही.

पी०१३५, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचा हीटर: आधी फ्यूज.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर सगळे एकदम मेलेले नसतात. अर्थचा बोल्ट, सामायिक ५ व्होल्टची लाइन आणि बॅटरी तपासा. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, गाडी रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी अर्धा तास चालवून पेंडिंग कोड, म्हणजे नोंद झालेले पण अजून लाइट न लावलेले कोड, पुन्हा वाचा. कोड तिथं दिसला, तर लाइट लागायच्या आधीच वायरिंगकडे परत वळा.