करायला गेलो गणपूर्ती, झाला गणपती

ऑगस्टचा पहिला आठवडा, देवगड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवी ते सातवीची मिळून २३ मुलं आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस. भिंतीवरच्या ३२ इंची टीव्हीवर आम्ही बनवत असलेल्या ग्रामसभेच्या गाण्याचं ॲनिमॅटिक लावलं. ॲनिमॅटिक म्हणजे चित्रगीताचा कच्चा खर्डा: रंग न भरलेली स्थिर चित्रं, तात्पुरत्या गळ्यातलं गाणं आणि ताल. चुका इथेच सापडल्या तर बरं. तीन मिनिटांच्या गाण्याला सेकंदाला २५ या हिशेबाने ४,५०० फ्रेम लागतात. एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवलं तरी १,५०० चित्रं काढावी लागतात. ती रंगवून झाल्यावर एक शब्द बदलायचा म्हटलं की ओठांपासून सगळं पुन्हा.

गाण्यात ठराव नावाचा एक कागद आहे, दोन पायांचा. पाणंद दुरुस्तीचं गाऱ्हाणं घेऊन तो वाडीतून निघतो आणि ग्रामसभेत मंजूर होऊन बाहेर पडतो. तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी मुलं पडद्याच्याही पुढे म्हणत होती, एक शब्द चुकत नव्हता. निदान आम्हाला तसं वाटलं. मग विचारलं, ‘गणपूर्ती म्हणजे काय?’

मागच्या बाकावरून तत्काळ उत्तर आलं, ‘गणपती इलो की सभा सुरू.’

कुणी हसलं नाही. गणपूर्ती म्हणजे सभा सुरू व्हायला लागणारी किमान हजेरी. हात वर करायला सांगितले, तर १७ जणांनी गणपतीच ऐकला होता.

दोष मुलांचा नव्हता. चाल आम्ही मुद्दाम इथल्या भजनाच्या वळणाची घेतली होती, खाली झांज ठेवली होती, आणि गणपती महिन्यावर आलेले. त्यात ‘गण’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडत होतं आणि ‘पूर्ती’ पुढच्या अर्ध्या मात्रेत कशीबशी कोंबली होती. दीर्घ ‘पू’ गाताना ऱ्हस्व झाला की तो ‘प’च्या शेजारीच जाऊन बसतो. उरला रफार. तो पत्र्यावरच्या पावसाने खाल्ला. टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला, म्हणजे आवाज भिंतीकडे. अशा वेळी स्वर पोचतात, व्यंजनं बुडतात. पावसाळ्यात कोकणातल्या वर्गात काहीही ऐकवायचं असेल तर वेगळा स्पीकर मुलांकडे तोंड करून ठेवावा, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

गाण्याने पाठांतर होतं यात वाद नाही. अमेरिकेत १९७३ पासून एबीसी वाहिनीवर ‘स्कूलहाऊस रॉक’ची तीन-तीन मिनिटांची गाणी लागायची, विधेयकाचा कायदा कसा होतो हे तिथल्या कित्येकांना त्यातल्याच एका गाण्यामुळे आठवतं. आपल्याकडे विजया मुळे यांचा फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘एक अनेक और एकता’ १९७४ चा. दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा लागून तो एका पिढीच्या तोंडी बसला. पण पाठ होतो तो क्रम आणि नाद. अर्थ चित्राने द्यायचा असतो, आणि आमचं चित्रच ढिलं होतं.

ते एका सहावीतल्या मुलीने दाखवलं. सभेच्या चित्रात २२ माणसं होती, त्यांत सहा मुलं. ती उठून म्हणाली, ‘ही पोरां पण धरलास काय?’ बरोबर होतं तिचं. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतली माणसं, १८ वर्षांच्या आतली मोजायची नाहीत. चित्रकाराने गर्दी भरायला पोरं आणि एक कुत्रा टाकला होता. कुत्रा राहू दिला.

लगेच दुसरा: ‘माझो बापूस मुंबयक असता, पण नाव हय आसा. तेका धरूचा काय?’ हा खरा कोकणातला प्रश्न, आणि आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. गणपूर्तीचा नियम असा, की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी तेवढे हजर हवेत. एकूण मतदारांत चाकरमानी धरला जातो, हजेरीत नाही. फळ्यावर मांडलं: यादीत ५४० नावं, १५ टक्के म्हणजे ८१; ते १०० पेक्षा कमी, म्हणून ८१. मोठ्या गावात १,२०० नावं असली तर १५ टक्के १८० होतात, पण तिथे १०० पुरेत.

जेवणाच्या सुट्टीत दुरुस्ती केली. ‘गण’ समेच्या आधी उचलून घेतलं, ‘पूर्’ समेवर आणून दोन मात्रा लांबवलं, ‘ती’ तिसऱ्या मात्रेवर. आमची लय मिनिटाला १०० मात्रांची. संगीतवाल्यांना ९६ हवी होती, पण १०० ला एक मात्रा नेमकी १५ फ्रेमची होते, ९६ ला ती अपूर्णांकात जाते आणि चित्र पावलं चुकतं. म्हणजे ‘पूर्’ला ३० फ्रेम, दहा चित्रं. ओठ मिटून मग चंबू होतो, हे पाहायला मुलाला तेवढा वेळ मिळतो. पुढच्या ओळीत ‘म्हणजेच कोरम’ घातलं. पुस्तकात काही असो, गावात माणसं विचारतात ती ‘कोरम झालो काय?’ असंच.

८१ माणसं काढणं परवडणारं नव्हतं. गाण्याचा ताल केरवा, त्याच्या आठ मात्रा. दर मात्रेला दहा-दहाचा आकडा पुढे सरकवला, आवर्तन संपताना ८०, आणि पुढच्या समेवर एक आजी छत्री मिटत आत येते: ८१. पावणेपाच सेकंदांत काम.

नवा आवाज भरायला शांत जागा नव्हती. शेवटी पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतात त्या खोलीत, फोन दोन पोत्यांच्या बेचक्यात धरून गायलो. पोती आवाज पितात, खोली घुमत नाही. पाऊस मागे ऐकू येत होता, पण खर्ड्याला चालतं.

तीनला पुन्हा लावलं, या वेळी स्पीकर पुढे. गणपती कुणालाच ऐकू आला नाही. ‘८१ च का?’ याला मात्र नऊच जणांनी नीट उत्तर दिलं. ‘जे कमी ते’ ही ओळ अजून घाईत जाते.

स्वयंपाकाच्या मावशी दारात हात पुसत बघत होत्या. म्हणाल्या, ‘आणि कोरम नाय झालो तर?’

गाण्यात त्याचं काहीच नव्हतं. त्यांनीच सांगितलं, ‘मगे तहकूब करतत. तहकूब सभेक कोरम लागना नाय. दरवर्षी तसाच होता हय.’

मंजुरीनंतरच्या नाचाला ३२ मात्रा दिल्या होत्या. त्यातल्या १६ तहकुबीसाठी काढून घेतल्या.