ओळ संपू दे

कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये माझी विणकामाची एक ओळ होते. लहान मुलाचं काही असेल तर दीड. परवा दुसरी शिट्टी झाली आणि तिसरी काही येईना. रिंग सैल झाली असणार, पण उठून बघायला मी ओळीच्या मध्यावर होते. मग तशीच विणत राहिले. तिसऱ्या शिट्टीची ओळ संपली तसा गॅस बंद केला. वरण अगदी बेताचं शिजलं होतं. नवऱ्याला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर तो म्हणाला, “रिंग बदलायला हवी.” मी आणतो असं नाही म्हणाला. बदलायला हवी, एवढंच.

ओळ अर्धी टाकून उठायचं नाही, हा नियम आजीचा. अर्ध्या ओळीत सुया ठेवल्या की मधले टाके ताणले जातात, आणि पुन्हा हातात घेतल्यावर आपण इकडून तिकडे चाललो होतो की तिकडून इकडे, याचा तपास करण्यात चहाची वेळ होते. विणणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत असतं आणि घरातल्या बाकी सगळ्यांना नेमकं हेच माहीत नसतं. बेल वाजते ती ओळीच्या मध्यावर. फोन येतो तो मुंढ्याचे, म्हणजे बाही जोडायच्या खाचेचे, टाके घटवताना, तोंडानं मोजणं चालू असताना, आणि सिलिंडरवाला विचारतो काय, तर ओटीपी. पुन्हा आकडेच.

आमच्या घरात म्हणून ‘ओळ संपू दे’ हे एक स्वतंत्र उत्तर आहे. त्याचा अर्थ दोन मिनिटं, पाच मिनिटं, किंवा तूच घे ना उठून, असा माणूस बघून घ्यायचा असतो. नवरा विणत नाही, पण पेपर वाचताना बेल वाजली की तोही खुशाल म्हणतो, ओळ संपू दे.

पुण्याच्या नातेवाइकांना आमचं हे लोकरीचं वेड कळत नाही. त्यांच्याकडे दोन महिने जरा गार वारा सुटतो, तेवढ्यात ते कानटोप्या घालून फिरायला जातात. त्यांना मी पूर्वी प्रेमानं स्वेटर पाठवत असे. ते अजून कपाटात नवेकोरे आहेत, असं ते स्वतःच प्रेमानं सांगतात. ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं उतरलं की दुपार होईतो सूर्याचा पत्ता नसतो, फरशीवर पाय ठेवला की तळवा बधिर होतो. आणि मे महिन्यात हेच गाव ४५ च्या वर जातं, तेव्हा हे सगळं लोकरीचं सामान डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ टाकला, त्या तळाचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. आमच्यासारखी घराणी त्यांच्या मागोमाग आली. मला नेहमी वाटतं, त्या पहिल्या पौषात आमच्या कोकणस्थ पूर्वजांनी काय केलं असेल? उपरणं कितीदा गुंडाळणार?

तर लोकरीचा हंगाम कोजागिरीनंतर सुरू व्हायचा. पण नवी लोकर लगेच येत नसे. आधी गेल्या वर्षीचे स्वेटर बाहेर निघत आणि आजी आम्हाला एकेकाला घालून बघे. बाही मनगटाच्या वर गेलेली दिसली की तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा, तो मूल वाढलं म्हणून होता की उसवायला मिळालं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उसवायचं काम माझं. शिवणी तिनं सोडवून दिल्या की टोक हातात घ्यायचं आणि ओढत सुटायचं. तेव्हा बाजारात मॅगी नुकती आली होती, आणि उसवलेली लोकर थेट तशीच कुरळी दिसायची. मग ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, लडी धुवायची, ओली असतानाच तिला खाली वजन बांधून टांगायची. आमच्याकडे वजन म्हणून बत्ता असे. तरी काही वळ्या राहिल्याच तर किटलीच्या वाफेवर धरायची. हे सगळं झालं की लडीचा गुंडा. त्यासाठी लागायचे दोन हात, कोपरात वाकवलेले, आणि ते हात ज्याचे त्याचं नाक हमखास त्याच वेळी खाजायचं. आजी समोर बसून भराभर गुंडाळायची, माझे हात आपोआप डावीकडे-उजवीकडे झुलायचे. मध्येच ती थांबून माझं नाक खाजवून द्यायची. कुठे खाजतंय ते मला सांगावं लागत नसे.

नवी लोकर घ्यायची तर सगळी एकदम घ्यायची, कारण शेड नंबर तोच असला तरी दुसऱ्या लॉटचा रंग किंचित हटके निघतो आणि तो फरक दुकानात नाही, नेमका अंगावर घातल्यावर दिसतो. बॉर्डर १२ नंबरच्या सुयांवर, पुढचं अंग १० नंबरवर. सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे उलटं गणित मला शाळेतल्या गणितापेक्षा लवकर कळलं.

आणि डिझाइन? डिझाइन लोकांच्या पाठीवर असायचं. हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक घरोघर फिरत, पण आजीचा त्यावर विश्वास नव्हता. त्यातल्या फोटोत बाई पुढून हसते, पाठ दाखवत नाही, ही तिची तक्रार. ती बाड्यावर, म्हणजे आमच्या भर बाजारातल्या चौकात, देवळात, रेशनच्या रांगेत पुढच्याची पाठ वाचायची. ग्वाल्हेरच्या मेळ्यात तर फारच. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा ऐन थंडीत भरतो, म्हणजे अख्खं गाव आपापलं विणकाम अंगावर घालून एका जागी गोळा होतं. आम्ही मफलर गुंडाळून कुडकुडत सॉफ्टी खायचो (मेळ्यात सॉफ्टी थंडीतच खायची असते, याला कारण विचारू नये) आणि आजी एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या मागे मागे चालत असायची. एकदा एका सद्गृहस्थानं वळून विचारलं, “माताजी, कुछ काम है?” ती म्हणाली, “बस, ज़रा सीधे चलिए, गिनती बिगड़ रही है।” ते बिचारे पुढे पापडाच्या दुकानापर्यंत ताठ चालत गेले.

श्योपुरच्या छोट्या रेल्वेत बसून ती सबलगडला आत्याकडे जायची, तेव्हा स्वेटरची एक पाठ घरून सुरू केलेली असायची. ती गाडी इतक्या निवांत चालायची की उतरेपर्यंत मुंढा आलेला असे. २०२० साली ती नॅरोगेज बंद झाली. लोकांनी तिच्याबद्दल पुष्कळ हळवं लिहिलं. विणायला इतकी चांगली गाडी दुसरी नव्हती, हे कुणी लिहिलं नाही.

तानसेन समारोहालासुद्धा ती पिशवी घेऊन जायची. डिसेंबरची रात्र, तानसेनाच्या समाधीजवळचा तो उघडा मांडव, पायावर घोंगडी आणि हातात सुया. ग्वाल्हेरचा विलंबित ख्याल तिलवाड्यात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, लागला की सोळा टाक्यांचं डिझाइन आपोआप बसतं, असं ती म्हणायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक. पण गवयांची प्रतवारी करायची तिची पद्धत मला पटते. ज्याच्या गाण्यात एक वीत विणून झालं तो ठीक. ज्याच्या गाण्यात सुया थांबल्या तो मोठा. ग्वाल्हेर घराण्याचे कृष्णराव पंडित गायला बसले की पिशवी उघडायचीच नाही.

आईचं तसं नव्हतं. आईला विणायला आवडायचं नाही. तिला वाचायला आवडायचं, आणि दुपारी पुस्तक घेऊन बसलेली सून म्हणजे त्या काळी आमच्या गल्लीत चर्चेचा विषय. भांडी पडलीत, गहू निवडायचेत, आणि ही बघा कादंबरी वाचतेय. तेच हातात सुया असल्या की कुणी काही म्हणत नसे. गच्चीवर उन्हात पाच बायका विणत बसल्या तर त्या कामात. तिथेच सहावी पुस्तक घेऊन बसली तर ती रिकामटेकडी. आईनं यावर तोडगा काढला. मांडीवर विणकाम, विणकामाखाली कादंबरी. जिन्यात पावलं वाजली की सुया हलायला लागत. तिची एक निळी बाही दोन हिवाळे चालली. एकदा आजीनं ती बाही उचलली, उलटसुलट करून पाहिली, म्हणाली, “बरीच मोठी कादंबरी दिसतेय,” आणि खाली ठेवून दिली. त्यानंतर दोघी गच्चीवर एका चटईवर बसत. बोलत काही नसत.

माझी खात्री आहे की आजीला हे आधीपासून माहीत होतं, कारण ती स्वतः वेगळं काय करत होती? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या बाईनं जेवढी विश्रांती घेतली ती सगळी सुयांच्या आडोशानं. १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले, त्यात ही होती. जवानाचं माप कुणाला ठाऊक? तिनं आजोबांची छाती मोजून वर चार बोटं वाढवली, जवान काही कारकून नसणार, या हिशेबानं. पण ती गोष्ट सांगताना तिचा आवाज चढायचा तो युद्धापाशी नाही, पुढे. “त्या हिवाळ्यात,” ती सांगायची, “सासूबाईंनी मला चूल बघू दिली नाही. तू विण म्हणाल्या. पोळ्यासुद्धा त्यांनी केल्या.” चीननं हल्ला केला म्हणून एका सुनेला बसायला मिळालं. इतिहासाच्या पुस्तकात अर्थात हे येणार नाही.

आता ती सोय गेली. स्वेटर स्वस्त पडतो म्हणून विणते, असं सांगायची सोय नाही. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या स्वेटरला अर्धा किलो लोकर लागते, आणि थंडीत तिबेटी लोकांच्या बाजारात उभं राहिलं की लोकरीच्या पैशांत तयार स्वेटर मिळतो, वर घासाघीस करायची मजा. त्यामुळे विणण्याला नवीन नावं आली आहेत. डॉक्टर म्हणतात, बोटांना चांगलं. नवरा म्हणतो, टाइमपास. भाची म्हणते, “मावशी, तू किती क्रिएटिव्ह आहेस, एक पेज काढ ना.” पेज म्हणजे फोटो, फोटो म्हणजे ऑर्डर, ऑर्डर म्हणजे तारीख. पोळ्यांना तारीख नसते म्हणून तर त्या सुसह्य आहेत. मी तिला म्हटलं, ओळ संपू दे.

क्रिएटिव्ह वगैरे असेल ते उरलेल्या लोकरीत असतं, असं मात्र मला वाटतं. आख्ख्या स्वेटरमध्ये काय, माप पाळायचं असतं. उरलेल्या चार गुंड्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न. थर्मासचं झबलं, दरवाजाच्या फटीत ठेवायची लांब उशी, आणि बाळकृष्णाचे स्वेटर. हे आम्ही इकडे शिकलो. शेजारच्या चाचींचे लड्डूगोपाल थंडीत टोपी-मोजे घालतात आणि आमचा बाळकृष्ण त्याच गल्लीत एका वस्त्रावर, हे आजीला बघवेना. दोन इंची स्वेटर विणणं फार अवघड असतं. बाही करायला जावं तर सुईवर टाकेच नाहीत. आमच्याकडे आता त्याचे इतके स्वेटर झालेत की रोज वेगळा घातला तरी फेब्रुवारी येईल. नवऱ्याला दोनच आहेत, असं त्यानं मला लक्षात आणून दिलं आहे.

आजीला हातात काही नसताना बसलेलं मी एकदाच पाहिलं. आजोबा गेले ते दिवस. माघ होता. सुतकात सुया-दोरा कुणी हातात घेत नाही आणि स्वयंपाक शेजारून यायचा, तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं. ती भिंतीला टेकून बसे. हात मांडीवर उताणे, आणि ते कुठे ठेवायचे ते तिला कळत नसावं, कारण ती मध्येच ते पदराखाली घ्यायची, परत बाहेर काढायची. आल्या-गेल्याशी बोलायची नीट. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले आणि तिनं आत्याकडे पिशवी मागितली. पिशवीत आजोबांचाच अर्धा स्वेटर होता, कोळशाच्या रंगाचा. आत्या रडायलाच लागली. म्हणाली, “आई, अगं आता कुणासाठी?”

“कुणासाठी काय,” आजी म्हणाली. “मला बसायचंय.”

तो स्वेटर तिनं पुरा केला. मग उसवला. मग त्याचं बरंच काही झालं, त्यातलं शेवटचं कोळशाच्या रंगाचं एक टोपरं माझ्या मुलीनं घातलेलं आहे.

सध्या माझ्या सुयांवर जे आहे ते काय आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते ठरलेलं नाही. मुलगी बंगळुरूला असते, तिला स्वेटर लागत नाही. रुंदी मफलरला जास्त आणि शालीला कमी आहे. रंग मोरपंखी, लॉट एकच, लोकर भरपूर. रिंग अजून आणलेली नाही, त्यामुळे वरण ओळींवरच शिजतंय. मेळा संपेपर्यंत काहीतरी होईलच याचं. नाहीतर उसवू.