बागेची शाकारणी

२९ ऑक्टोबर, केळशी

आज आंब्याच्या बागेतली चौथी ओळ तोडली, म्हणजे झाडांची उंची उतरवली. दहा कलमं. सकाळी सातला चेनसॉ सुरू झाला तो दुपारी दोनला थांबला, आणि आता रात्री लिहायला बसले तरी कानात तोच आवाज आहे. बोटांवर मोरचुदाचा निळा रंग, दोनदा साबण लावूनही गेलेला नाही.

ही कलमं अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, १९६८ च्या पावसात लावली. तीस-तीस फुटांवर. तेव्हा ते अंतर ऐसपैस वाटलं असणार. मी लग्न होऊन या घरात आले तोवर फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या आणि बागेत भर दुपारी काळोख असे. मोहोर यायचा तो शेंड्याला. तुडतुड्यांची फवारणी तिथवर पोचत नसे. झेल्याला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला, बांबूवर बांबू जोडला तरी हात पुरेना आणि वर चढणारे गडी मिळेनात. आम्ही काय केलं, तर औषध वाढवलं. मोहोर यावा म्हणून देतात ते पॅक्लोब्युट्राझोल, बाजारात कल्टार म्हणून मिळतं ते. झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून द्यायचं असतं, मीटरला तीन मिली कल्टार. आम्ही ते अंदाजाने ओतत गेलो. एक वर्ष मोहोर लगडायचा, पुढची दोन वर्षं झाड मलूल. पीककर्जाचं दर वर्षी नवं-जुनं करत होतो, जुनं भागवायला नवं काढत होतो. बाग व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकायची बोलणीही झाली होती.

मग ३ जून २०२०, निसर्ग वादळ. ११० पैकी २३ कलमं मुळासकट आडवी झाली. त्या दुपारबद्दल मला अजून लिहिता येत नाही. पण पुढच्या माघात एक गोष्ट दिसली. जिथे झाड पडून ऊन खाली उतरलं होतं, तिथल्या शेजारच्या कलमांनी खालच्या फांद्यांवर मोहोर धरला होता. माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. इतक्या वर्षांत त्या फांद्यांवर मी फक्त बांडगूळ पाहिलं होतं.

दापोलीचं कृषी विद्यापीठ इतकं जवळ. जुन्या बागेचं पुनरुज्जीवन करा, ऑक्टोबर ते डिसेंबरात मधल्या फांद्या काढून झाडाची उंची उतरवा, हे ते लोक कधीपासून सांगत होते. आम्हीच ऐकलं नव्हतं. अडचण पैशाची होती. तोडलेलं झाड साधारण तीन वर्षं काही देत नाही. सगळी बाग एकदम उतरवली तर खायचं काय?

वाट अण्णांनीच दाखवली. मे महिन्यात घराची शाकारणी चालली होती. पावसाआधी कौलं परतायची, फुटकी काढून नवी घालायची, नळे झाडायचे. खाली उभं राहून कौलं देता देता ते म्हणाले, "घर दर वर्षी शाकारतो गो आपण. बाग कधी शाकारली?" त्याच आठवड्यात ठरलं: दर वर्षी एक ओळ, दहाच झाडं. पीक कितीही चांगलं आलेलं असो.

पहिल्या वर्षी, २०२१ ला, अण्णा करवत सुरू होताच घरात निघून गेले. जेवले नाहीत. स्वतः बांधलेली कलमं ती. मीही त्या बुंध्यांकडे बघून रडले. दुसऱ्या वर्षी मी घाई केली. पाऊस येईल म्हणून तोडलेल्या चार फांद्यांना बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, नीट लावलीच नाही, आणि खोडकिड्याने दोन झाडं आतून पोखरली. सालीखाली भुसा दिसला तोवर उशीर झाला होता. चूक माझी होती. तिसऱ्या वर्षी सासूबाई आजारी, ओळ राहून गेली. या खाड्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण पुढच्या ऑक्टोबरात कुणाचाच हात पुढे होईना. "यंदा आंबा बरा लागलाय, कशाला उगाच" असं माझ्या नवऱ्यानेही म्हटलं, मुकादमानेही. एकदा मोडलेला नेम पुन्हा धरताना घरात भांडण झालं, खरंखुरं. पण ओळ तोडली.

विक्रीतही तसंच. एका वर्षी एकच बदल. आधी प्रतवारी घरी करायला घेतली, मग अर्धा माल अढीत पिकवून थेट पुण्याच्या गिऱ्हाइकांना, उरलेला वाशीच्या घाऊक बाजाराला. सगळं एकदम बदलायची आमच्यात ताकद नव्हती.

गेल्या हंगामात पहिल्या ओळीने २६ पेट्या दिल्या. जमिनीवर उभं राहून, साध्या झेल्याने उतरवलेल्या. फवारणीला निम्मं औषध लागलं. यंदा कर्जाचं नवं-जुनं केलं नाही, फेडलं.

आज पेस्ट मीच कालवली. प्लास्टिकच्या पिंपात एक किलो मोरचूद, वेगळ्या बादलीत एक किलो चुना, दोन्ही मिळून पाणी दहा लिटर. अण्णा खुर्ची टाकून बागेतच बसले होते. सकाळी कुठून तोडायचं त्या खुणा त्यांनीच चुन्याने करून दिल्या होत्या, दोन ठिकाणी मुकादमाला थांबवून खूण हातभर वर घेतली. मी कालवलेलं घेऊन आले तशी त्यांनी कोयती मागितली आणि पातं मिश्रणात बुडवलं. बाहेर काढलं तर त्यावर तांब्याचा तांबूस थर.

"चुना कमी पडला," ते म्हणाले.

ओंजळभर कालवलेला चुना आणखी घातला, काठीने ढवळलं. त्यांनी पातं लुंगीला पुसून पुन्हा बुडवलं, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. स्वच्छ होतं.

"लाव आता."