आमची वाटचाल: डबी छोटी, पण तपासलेली

धंदा करायचा म्हणून काही सुरू केलं नव्हतं, हॅम म्हणजे हौशी रेडिओचं व्हीयू३ लायसन्स आलं आणि पुण्यातल्या सोसायटीत गच्चीवर अँटेनाचा मास्ट (उंच खांब) कोण उभारू देणार, म्हणून ४० मीटर बँडसाठी (तरंगलांबी साधारण ४० मीटर) २० मीटर वायर अँटेना म्हणून एका टोकाकडून फीड केली, म्हणजे रेडिओची केबल त्या टोकाला जोडली, एंड-फेड हाफवेव्ह. डायपोल, म्हणजे तेवढीच वायर मधोमध तोडून, तिथे फीड केला की इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) ७० ओहमच्या आसपास असतो, ५० ओहमची कोॲक्स केबल थेट लावली तरी रेडिओ कुरकुर करत नाही, टोकाला मात्र तो अडीच हजारांच्या घरात जातो. मग ४९:१ अनअन लागतो, म्हणजे इम्पिडन्स जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, आमच्या डबीत असतो तो हाच. २ आणि १४ वेढे, प्रमाण ७, त्याचा वर्ग ४९, आणि ५० गुणिले ४९ म्हणजे २४५०. दोघातिघा हॅम मित्रांनी मलाही एक करून दे म्हटलं आणि ऑर्डरी सुरू झाल्या त्या अशा.

कोअरचं, म्हणजे ज्यावर वेढे घालायचे त्या फेराइट रिंगचं, दुखणं वेगळंच. बाजारात टोरॉइड (अशी गोल रिंग) मागितलं की कुठल्यातरी एसएमपीएस पॉवर सप्लायमधली रिंग हातात ठेवतात, मिक्स, म्हणजे फेराइटची जात, कुठलं विचारलं तर "साहेब फेराइटच आहे, चालतंय". नाही चालत! आम्ही ४३ मिक्सच वापरतो, महाग पडलं तरी.

गिऱ्हाईक फोनवर पहिलं विचारतं, एसडब्ल्यूआर किती? म्हणजे अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप, १:१ म्हणजे काहीच परत नाही. अहो, एसडब्ल्यूआर तर डमी लोडचापण (पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर) १:१ असतो, त्यावर कोणाशी बोलणार? कोअर पॉवर खात असला तर मीटर उलट छानच दाखवतो, कारण परत येणारी पॉवर वाटेतच मरते. म्हणून आमच्याकडे दोन अनअन पाठीला पाठ लावून नॅनोव्हीएनएवर (हातात मावणारं मोजणीयंत्र) लॉस मोजतात आणि आकडा निम्मा करतात. १ डीबी गेला म्हणजे १०० वॅटमधले २० वॅट डबीतच, एफटी८ वर (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) बराच वेळ बसलात की डबीला हात लावून बघा. अर्ध्या डीबीच्या वर गेलेला पीस आम्ही पाठवतच नाही.

वाइंडिंग आता बायकोच करते, तिचे वेढे माझ्यापेक्षा नीट बसतात (हे तिच्यासमोर बोलत नाही). सोबत कोॲक्सवर लावायचा चोक घ्या असं सगळ्यांना सांगतो, नाहीतर आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नलची पॉवर, केबलवरून घरात येतं आणि ट्रान्समिट केलं की लॅपटॉपचा माउस गोठतो.

सध्या मॉडेल दोनच, १०० वॅटचं आणि ट्रेकला न्यायचं छोटं १० वॅटचं. ४०० वॅटचं मागणारे बरेच आहेत पण तेवढी पॉवर टाकून तपासायला आमच्याकडे रिग (रेडिओ सेट) नाही, त्यामुळे तूर्तास नाहीच म्हणतो.