वही सोपवण्याची संध्याकाळ

आमच्या कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थी प्रार्थना-मंडळाचे वर्षात दोन मोठे मेळावे होतात. नाताळच्या मेळाव्याला खुर्च्या पुरत नाहीत, मुलं भिंतीला टेकून उभी राहतात. नव्या प्रमुखावर जबाबदारी सोपवण्याच्या सभेला मात्र मागच्या रांगा रिकाम्या दिसतात आणि दरवर्षी तेवढंच वाईट वाटतं. अभ्यासाच्या आड येऊ नये म्हणून ही सभा मुद्दाम शेवटच्या परीक्षेच्या दोन महिने आधी धरतात. जुन्या प्रमुखांना निरोप तीन आठवडे आधी जातो, आदल्या दिवशी पुन्हा जातो. ज्यांच्या डोक्यावर जबाबदारी सोपवताना याच सभेत हात ठेवून प्रार्थना झाली, त्यांनी तरी यावं, एवढीच अपेक्षा.

उपासनागीतं, स्वागत, अहवाल, हिशेबाचं वाचन रीतीप्रमाणे होतं. शास्त्रपाठ बहुधा ठरलेल्यांपैकी एक असतो. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात मोशे आपल्यामागून नेता होणाऱ्या यहोशवावर हात ठेवतो तो, नाहीतर पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं दुसऱ्या अध्यायाचं दुसरं वचन. त्या एका वचनात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, तीमथ्य ज्यांच्या हाती शिकवण सोपवणार ते विश्वासू लोक, आणि ते पुढे ज्यांना शिकवतील ते. मार्गदर्शक सर हे बोटांवर मोजून दाखवतात. मग जुना इतिहास निघतो. 1806 मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले, वादळ आलं, आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी परदेशातल्या मिशनकार्यासाठी प्रार्थना केली. 1895 मध्ये स्वीडनमध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्यात पुढे असलेले जॉन मॉट अवघे 30 वर्षांचे होते. हे ऐकताना दुसऱ्या वर्षाची मुलं सावरून बसतात.

पण मन खरं हलतं ते जाणाऱ्या प्रमुखाच्या बोलण्याने. त्याला दहा मिनिटं मिळतात. चांगल्या बोलण्यात केलेल्या कामांची यादी नसते, राहून गेलेल्या कामांची असते. वसतिगृहातला अभ्यासगट दोनदा सुरू केला, दोनदा बंद पडला. पहिल्या वर्षाची चार मुलं महिनाभर आली आणि मग दिसेनाशी झाली, त्यांच्या खोलीवर कुणी गेलं नाही. खजिनदाराशी खटका उडाला, क्षमा मागायला तीन आठवडे लागले. सगळ्यांसमोर हे सांगायला धीर लागतो. त्या वेळी सभागृहात जी शांतता असते, ती वर्षभरात दुसऱ्या कुठल्या सभेत नसते. नव्या प्रमुखाच्या चेहऱ्यावरचा ताणही तिथेच उतरतो. आधीच्याला सगळं जमलं होतं, आपल्याला कसं जमणार, हा धाक राहत नाही.

मग प्रार्थनेची वही पुढे येते. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, कण्याला दोनदा चिकटपट्टी लावलेली. पानावर चार रकाने: तारीख, कोणासाठी, विनंती, उत्तर. नावांच्या जागी फक्त आद्याक्षरं, कारण वही बाकावर विसरली तर कुणाच्या घरची गोष्ट बाहेर जाऊ नये. एकदा विश्वास उडाला की तो विद्यार्थी पुन्हा मन मोकळं करत नाही. चौथा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा आहे. काही ओळींत मात्र विनंती एका हस्ताक्षरात आणि उत्तर दुसऱ्याच, दोन वर्षांनंतरच्या तारखेचं. ज्याने विनंती लिहिली तो तोवर कॉलेज सोडून गेलेला असतो. त्या ओळींशी बोट थांबतं.

वही हातात आली म्हणजे काम हातात आलं, असं नाही. त्यासाठी आधीचे सहा आठवडे असतात. पहिले दोन नव्या प्रमुखाने नुसतं बघायचं, पुढचे दोन दोघांनी मिळून करायचं, शेवटचे दोन नव्याने करायचं आणि जुन्याने मागे गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सर्वांत अवघड जातं. जुनी ताई प्रेमापोटीच मध्ये बोलते, पण मग मुलं प्रश्न तिलाच विचारत राहतात आणि नवा दादा नावापुरता उरतो.

बायबल अभ्यासाचा गट सहा ते आठ जणांचा बरा. दहाच्या वर गेला की तिघेचौघेच बोलतात. गट फोडायचा, पण दुसरा चालवणारा तयार असेल तरच. प्रश्नांचा क्रमही शिकवावा लागतो: उताऱ्यात काय लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय, आता आपण काय करायचं. नवखा पहिला प्रश्न गाळून थेट प्रवचनावर येतो. प्रश्नानंतरची शांतता त्याला सोसत नाही, म्हणून उत्तरही तोच देऊन टाकतो. प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजायचे, एवढ्यावर गट बोलता होतो.

निवडीतली नेहमीची चूक म्हणजे गळा गोड म्हणून प्रमुख करणं. गाणाऱ्याकडे गाणी द्यावीत. प्रमुख म्हणून तो शोधावा, जो सभा संपल्यावर एकट्या बसलेल्या मुलाजवळ जाऊन बसतो. विश्वासात नुकत्याच आलेल्यावर हे ओझं टाकू नये. चर्चचा अध्यक्ष नवशिका नसावा, असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्पष्टच आहे.

आणि एकट्याने सगळं ओढणं! बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला सांगतो, असा तू थकून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. कॉलेजात याला एक सत्र पुरतं. गाणी, खुर्च्या, भेटी, फोन सगळं एकाच्याच अंगावर येतं, गुण घसरतात, घरून बोलणी बसतात आणि चांगला मुलगा मंडळच सोडतो. म्हणून संगीत, नवीन मुलांच्या भेटी, हिशेब आणि प्रार्थना-साखळी (पाळीपाळीने करायची प्रार्थना) ही चार कामं पहिल्याच आठवड्यात चौघांना वाटून द्यायची. अर्पणाचे पैसे दोघांनी मिळून मोजायचे, त्याच दिवशी दोघांच्या सह्या घ्यायच्या. बँकेतल्या सह्या, परवानगीच्या अर्जावरचं नाव आणि ईमेलचा पासवर्ड सुट्टीआधी बदलून घ्यायचं, नाहीतर नवीन मुलं येतात त्या पहिल्या तीन आठवड्यांत प्रमुख कार्यालयाच्या खेपा घालत बसतो.

हात ठेवून प्रार्थना होते तेव्हा चर्चचे पाळकसाहेब मोठ्याने बोलतात, पण आजूबाजूची पुटपुट जास्त ऐकू येते.

रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात पौलाने कितीतरी नावं घेतली, पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियाचाही सलाम त्यात आला. तसेच आमचेही आभार लांबतात, आणि लांबावेत. दरवर्षी तारीख सांभाळून देणारे कार्यालयातले लिपिक. माईकच्या तारा गुंडाळणारी जोडी. कीबोर्डवाला आणि तो आजारी पडला तेव्हा गिटार घेऊन आलेली मुलगी. चर्चच्या मंडळीतून जेवण करून पाठवणाऱ्या बहिणी. मुलींना वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडणारे ताई-दादा. पत्रकातल्या चुका रात्री सुधारणारा. सरांच्या पत्नी, ज्यांच्या घरी वर्षभर प्रमुखांच्या बैठका झाल्या. वर्गमित्राखातर येऊन खुर्च्या उचलणारे दुसऱ्या धर्मांचे मित्र. दिवे चालू ठेवून थांबलेले रखवालदार काका. पाणी भरणाऱ्या मावशींचं नाव एका वर्षी राहिलं होतं, तेव्हापासून ते सर्वांत वर लिहिलेलं असतं.

सगळे गेल्यावर सभागृहाला कुलूप नवा प्रमुख लावतो. काकांकडे किल्ली देतो, त्यांच्या नोंदवहीत वेळ लिहून पहिली सही करतो. प्रार्थनेची वही तेव्हा त्याच्या काखेत असते.